निळी वायर कापून पंखा शांत होत नाही

ताकदवान संगणकांच्या पंख्यांचा आवाज ‘पाच मिनिटांत कायमचा’ घालवण्याचे उपाय सांगणारा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : पंख्याची निळी वायर कापा म्हणजे वेग उतरेल, कॅबिनेटमध्ये एकच पंखा ठेवा, आतून आणि जाळीवर फोम चिकटवा, पंख्यात घरातले कुठलेही तेल सोडा, कॅबिनेट बंद कपाटात सरकवा, आणि उष्णतेची चिंता सोडा, कारण प्रोसेसर तापला की आपोआप बंद होतो. माझी धाकटी बहीण दिवसभर व्हिडिओ रेंडर करते, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल संगणकाकडून तयार करून घेते, त्यामुळे हा संदेश तिच्यापर्यंत पोहोचणे अटळच होते. तिने मला विचारले ते एवढेच, की कात्री नेमकी कोणत्या वायरला लावायची. त्या प्रश्नामुळे हे लिहिणे भाग पडले.

सुरुवात वायरीपासूनच करायला हवी. चार वायरींच्या पंख्यात काळी वायर ग्राउंडची असते, पिवळी १२ व्होल्टची, हिरवी पंख्याचे फेरे मदरबोर्डला (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाला) कळवणारी आणि निळी मदरबोर्डकडून वेगाचा हुकूम आणणारी. हे रंग आणि ही रचना इंटेलने सप्टेंबर २००५ मध्ये काढलेल्या चार वायरींच्या पंख्यांच्या तपशिलात स्पष्ट दिलेली आहे, आणि त्याच कागदात हेही लिहिलेले आहे की निळ्या वायरीवर संकेत आला नाही, तर पंख्याने पूर्ण वेगाने फिरायचे. जोडणी तुटली तरी प्रोसेसर गार राहावा, एवढाच त्यामागचा विचार आहे. म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर निवांत फिरणारा पंखा वायर कापल्यावर १८०० वर जाऊ शकतो. वेग दुप्पट झाला की पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो जवळजवळ तिप्पट भासतो. शांततेसाठी कात्री उचललेल्या माणसाच्या पदरात हे पडते.

शिवाय हल्ली कित्येक पंख्यांच्या चारही वायरी काळ्याच असतात. अंदाजाने कापताना फेरे कळवणारी वायर तुटली, तर पंखा फिरत असूनही मदरबोर्डला तो बंद वाटतो आणि संगणक सुरू होतानाच पंखा बिघडल्याची तक्रार करून अडून बसू शकतो. बारा व्होल्टची तुटली, तर पंखा खरोखरच थांबतो.

निळी वायर कापली की वेग उतरतो, या समजुतीत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मदरबोर्डवरची पंख्याची जोडणी व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर असेल, तर निळ्या वायरीवाचूनही पंखा मंदावतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेच पाहिले असावे. पण ती पद्धत बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, निवडता येते, त्यासाठी काही कापावे लागत नाही.

‘प्रोसेसर आपोआप बंद होतो’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण ते ऐकायला शहाणपणाचे आहे. अनेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि बंद पडण्याची वेळ त्यानंतर येते. तोवर तासाभराचे रेंडर लांबत जाते, आणि तापमान वरच अडकल्यामुळे जे पंखे शाबूत आहेत ते सगळा वेळ पूर्ण वेगाने ओरडत राहतात. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. पण त्याच कोंडलेल्या हवेत बसलेल्या पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरना (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांना) मंदावण्याची सोय नसते, आणि दर १० अंश वाढीमागे त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. बंद कपाटाचा उपायही याच कारणाने निकालात निघतो : आत सोडलेली गरम हवाच पंखा पुन्हा ओढून घेतो.

एकच पंखा ठेवण्याचा सल्ला तर सरळ उलटा आहे. एका पंख्याचे काम दोघांत वाटून दोघांनाही निम्म्या वेगाने फिरवले, तर प्रत्येकाचा आवाज १५ डेसिबलने उतरतो आणि दोन सारखे आवाज एकत्र आल्याने फक्त ३ डेसिबलची भर पडते. जाळ्यांच्या आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) अडथळ्यामुळे प्रत्यक्षातला फायदा या हिशेबापेक्षा कमी असतो, पण तो फायदाच असतो.

फोमबद्दल एवढेच, की सात पात्यांचा पंखा १८०० फेऱ्यांवर २१० हर्ट्झचा घुमणारा सूर काढतो आणि त्याची तरंगलांबी दीड मीटरहून अधिक असते. बोटभर जाडीच्या फोमला तो दादच देत नाही. वरच्या पट्टीतली किणकिण थोडी कमी होते, हे खरे. जाळीवर फोम लावणे मात्र हवा कोंडणेच आहे. तेलाचा थेंब साध्या बुशच्या (आस धरणाऱ्या गुळगुळीत नळीच्या) जुन्या, कोरड्या पडलेल्या पंख्याला काही काळ शांत करतो, पण ते तेल यंत्रांचे हलके तेल असावे लागते. खाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होऊन पंखाच जाम करते.

आवाज खरोखर कमी करायचा असेल, तर काम बायोसमध्ये आहे. तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारी रेषा तिथे आखता येते आणि बऱ्याच मदरबोर्डांवर वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोयही असते. प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते आणि क्षणात उतरते. पंखा प्रत्येक उसळीमागे धावला की तो चढउतार संथ, एकसुरी आवाजापेक्षा कितीतरी जास्त डोके उठवतो. त्यानंतर प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणावी. वरच्या टोकाला थोड्या वेगासाठी बरीच जास्त वीज खर्च होत असते, त्यामुळे ती कापल्यावर रेंडरला लागणारा वेळ किंचितच वाढतो, उष्णता मात्र चांगलीच उतरते. पंखा स्क्रूऐवजी रबरी खुंट्यांवर बसवला, तर कॅबिनेटच्या पत्र्याची थरथरही जाते, आणि या खुंट्यांचा त्या संदेशात उल्लेखसुद्धा नाही.