बातमी लिहायची आहे? आधी भाऊंना विचारा

मागच्या आठवड्यात माझ्या हातून एक गुन्हा घडला. आमच्या गल्लीत गडर लाईनचं, म्हणजे सांडपाण्याच्या गटाराचं, एक चेंबर तीन महिन्यांपासून उघडं आहे. त्यावर मी बारा ओळी लिहिल्या, फोटोसकट. साप्ताहिक आमचं चार पानांचं, खप सांगण्यासारखा नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या, म्हणजे भाऊंच्या, माणसाचा फोन आला. "काय लिहून राहिले राजेहो तुम्ही? भाऊंना वाईट वाटलं ना!" त्या चेंबरमध्ये सायकलसकट पडलेल्या पोराला कसं वाटलं, हे विचारायला फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस. पंधरा दिवसांत माफी छापा, नाहीतर एक कोटी भरा. एक कोटी! आमचं टेबल, कॉम्प्युटर, रद्दी आणि वर मला स्वतःला विकलं तरी त्या नोटिशीचा टपालखर्च निघायचा नाही.

तेव्हा नागपुरात नव्यानं लेखणी हाती धरणाऱ्यांना अनुभवाचे दोन शब्द सांगतो.

विषय जपून निवडावा. हिवाळ्यात संत्री, उन्हाळ्यात ऊन. यावरून कुणाला नोटीस आल्याचं ऐकिवात नाही. फक्त ऊन लिहिताना सिमेंटच्या रस्त्यांचा विषय काढू नये. पूर आला तर पाऊस फार झाला, एवढंच लिहावं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली, तो दोष पावसाचाच. पाण्याच्या वाटेत कुणी काय बांधलं हे लिहायला हात शिवशिवला, तर तो खिशात घालावा.

दिवाळीची पानभर जाहिरात मिळाली की उघडं चेंबर दिसेनासं होतं. चष्म्याचा खर्चही वाचतो.

"खरं लिहिलंय, मग भ्यायचं कशाला?" असं तर चुकूनही म्हणू नये. भारतीय न्याय संहितेचं कलम 356 वाचावं. नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी छापलं हेही सिद्ध करत बसावं लागतं. दोन वर्षांपर्यंतची कैद होईल की नाही ते पुढं कधीतरी कळेल. फेऱ्या मात्र पहिल्या तारखेपासून. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर गाडी लावायला जागा शोधता शोधताच अर्धी शिक्षा भोगून होते.

बोललेल्या, लिहिलेल्या शब्दांसोबत खुणांचीही काळजी घ्यावी. नक्षलवादाला आळा घालायचा म्हणून आणलेलं राज्याचं जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये इथंच, आपल्या हिवाळी अधिवेशनात मांडलं गेलं आणि जुलै 2025 मध्ये मुंबईत मंजूर झालं. त्यातल्या बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत शब्द आहेत, खुणा आहेत, चित्रंही आहेत. भुवया उंचावताना आजूबाजूला बघून घ्या.

मार खायची वेळ आली तर मात्र निश्चिंत असावं. पत्रकारांना वाचवणारा कायदा आपल्या राज्यानं 2017 मध्येच केला, देशात सगळ्यात आधी. हात उगारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तक्रार खोटी ठरली तर तेवढीच तक्रार करणाऱ्याला, म्हणजे समतोल राखलाय. फेब्रुवारी 2023 मध्ये कोकणातल्या राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. कायदा तेव्हाही होता. पुस्तकात होता, रस्त्यावर नव्हता. ते काही दिल्लीतले टीव्हीवाले नव्हते. तालुक्यातला माणूस, गावात सगळे ओळखणारे, आणि ओळखतात म्हणूनच सापडायला सोपा. आमच्यासारख्यांचं घर शोधावं लागत नाही हो, पानठेल्यावर विचारलं की कुणीही दाखवतो!

असो. बोलायचंच असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं. काळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला पुतळा, 1881 पासून निघते, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातही निघत होती. सोबत बडगे, म्हणजे टर उडवणारे पुतळे, असतात, त्यांत महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला जातो. तुम्हीही असताच तिथं. "घेऊन जा गे मारबत" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडता.

हो, तुम्हालाच म्हणतोय. त्या चेंबरचा फोटो रात्री अकराला तुम्हीच पाठवला होता ना? "लिहा ना भाऊ, पण माझं नाव नका टाकू." नाही टाकलं. नोटीस आल्यावर "कायले डोकं खपवता, सांगितलं कोणी होतं तुम्हाला?" असं विचारणारेही तुम्हीच. मिरवणुकीत ओरडायला गळा आहे, दोन ओळींचं शपथपत्र द्यायला नाही? आणि मग कुठं बसून म्हणता, पेपरवाले विकले गेले! विकत घेणारे भाऊ आहेत हे मान्य, पण आम्हाला एकटं पाडून भाव कुणी उतरवला?

माफी मी छापणार नाही. पंधरातले नऊ दिवस गेलेत. पोराच्या पायाचा एक्स-रे तुमच्या कपाटात आहे. तो घेऊन या. मी घरीच आहे.