युरोपातला नदीकाठ म्हणजे नक्की कुठला?

पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून, म्हणजे मुळा-मुठेच्या पात्रालगत भराव टाकून काठ सजवायच्या योजनेवरून, वाद सुरू झाला की कोणीतरी हमखास म्हणणार, अरे युरोपात जाऊन बघा, तिकडचे नदीकाठ कसले देखणे असतात, आपल्याकडे मात्र काही करायचं म्हटलं की झाडांवाले आडवे येतात! आता मी राहतो जर्मनीत, त्यामुळे हे सगळं मलाच ऐकवलं जातं. परवा ड्रेस्डेनला जाऊन आलो, एल्बे नदीवरचं शहर, तेव्हा म्हटलं लिहावंच.

शहर सुंदर आहे यात वादच नाही. झ्विंगर राजवाडा, सेम्पर ऑपेरा, आणि १९४५ च्या बॉम्बिंगनंतर कोसळलेलं नि २००५ साली पुन्हा उभं राहिलेलं फ्राउएनकिर्ष चर्च, ज्याच्या भिंतीत जुने काळे दगड अजून वेगळे ओळखू येतात. फोटो सगळे या काठाचेच काढतात. पण समोरच्या काठावर काय आहे माहितीये का? गवत. ऐन शहराच्या मध्यात रुंदच्या रुंद कुरणं, मैलोन् मैल, एखाददुसरं बिअर गार्डन सोडलं तर बांधकाम जवळपास नाहीच, मेंढ्यासुद्धा चरतात! पूर आला की पाणी तिथे पसरतं, जागा त्याच्यासाठीच मोकळी ठेवलीये.

तरी २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे ९.४० मीटरवर गेली, एरवी असते दोनेक मीटर. झ्विंगर, ऑपेरा, सगळीकडे पाणी. आणि त्याच्या आधी वायसेरित्झ नावाच्या उपनदीने, जिचा प्रवाह एकोणिसाव्या शतकात वळवला होता, सरळ आपला जुना रस्ता धरला आणि मेन रेल्वे स्टेशनात घुसली. नंतर त्यांनी पूर आला की उभ्या करायच्या भिंतीही घेतल्या, २०१३ ला त्यांचा उपयोग झाला, म्हणजे भिंती नकोतच असं माझं म्हणणं नाही. पण कुरणं ठेवून भिंती, कुरणांच्या जागी नाही.

आणि हे लोक काही साधुसंत नाहीत हां. याच खोऱ्याला २००४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, पण त्यातून चौपदरी पूल काढायचा घाट आधीपासूनच होता, २००५ ला मतदान झालं, लोकांनी पूलच मागितला, आणि २००९ मध्ये युनेस्कोने दर्जा काढून घेतला. पूल २०१३ पासून चालू आहे. मला तो निर्णय पटत नाही, पण निदान मतदान तरी झालं. आपल्याकडे हरकती-सूचना मागवतात, त्यांचं पुढे काय होतं देव जाणे.

पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या पूररेषा, निळी रेषा, लाल रेषा, आपल्याकडेही आहेतच की, कागदावर! १९६१ चा पानशेत धरणफुटीचा पूर राहू द्या, जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी होतं, त्यानंतरही पात्रालगत भराव टाकायचा?

माझा मावसभाऊ पुण्यात असतो, तो म्हणतो तुझं गवत ठेव बाजूला, आधी मैलापाणी नदीत जायचं बंद करा, काठ काय नंतरही सजवता येईल. ते तर आहेच, आणि उलट्या क्रमाने काम का चाललंय हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.