चहावरची साय

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, सगळ्या घरादेखत सासरे मला म्हणाले, "जावईबापू, तुमचा हेतू शुद्ध नाही."

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली. दिवाळसणाची अंगठी तासाभरापूर्वीच माझ्या बोटात आली होती, त्यामुळे आरोप अगदीच निराधार होता असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे शेवेचा बोकणा भरत होती. "अहो, न्यायशास्त्रातला हेतू," ती म्हणाली, "तुमचा नाही."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, वाईतल्या एका शाळेतून संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क कसा करावा हे सांगणाऱ्या जुन्या शास्त्रात, हेतू म्हणजे विधानाला दिलेलं कारण. डोंगरावर आग आहे. कशावरून? धूर दिसतो म्हणून. हा शुद्ध हेतू. मी आदल्या मिनिटाला म्हणालो होतो, "माणूस मुळातच स्वार्थी असतो. कशावरून काय विचारता, सगळे असतात!" हा अशुद्ध हेतू. आता लग्नाला २२ वर्षं झाली, अंगठी घट्ट व्हायला लागली, पण माझा हेतू अजून शुद्ध झालेला नाही.

खरं तर चूक गावाची आहे. दुसऱ्या गावची मुलगी केली असती तर सासरे पेन्शन, गुडघे आणि पाऊस यांवर बोलले असते. पण वाई पडलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं गाव. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे खंडच्या खंड रचले गेले, तिथे साधा भाजीवालासुद्धा मेथी देताना व्याख्या करून देतो, असं माझं ठाम मत आहे. अण्णांनी तर्कतीर्थांना घाटावर अनेकदा लांबून पाहिलेलं. तेवढ्या भांडवलावर ते मला दरवर्षी ऐकवतात, "तर्कतीर्थांच्या गावचे जावई आहात तुम्ही. जरा शिस्तीत भांडा."

आणि त्यांची शिस्त लेखी आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसती समोरच्याची पाडत बसायची, ती वितंडा. अण्णांच्या मते ते स्वतः वाद करतात, मी जल्प करतो आणि माझा मेहुणा सुहास, जो मधूनच "ह्यॅ, काहीतरीच!" एवढंच म्हणून चिवड्यातले काजू वेचत राहतो, तो वितंडा करतो.

याशिवाय २२ निग्रहस्थानं आहेत. म्हणजे वादात माणूस हरला असं कुठे कुठे समजायचं, त्या जागा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर अण्णांनी त्यांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आहे आणि पंचाने नोबॉल पुकारावा तशी ते ती मध्येच पुकारतात. मी तेच दुसऱ्यांदा बोललो की "पुनरुक्त!" विषय सोडून बोललो की "अर्थांतर!" मी बँकेत काम करतो, त्यामुळे बोलता बोलता लिक्विडिटी वगैरे निघतं. तीनदा सांगूनही समोरच्याला आणि सभेला कळलं नाही तर त्यालाही एक निग्रहस्थान आहे, "अविज्ञातार्थ!" (हे आमच्या शाखाप्रमुखांना लागू केलं तर त्यांना सोमवारीच घरी बसावं लागेल.)

सगळ्यात जिव्हारी लागतं ते मतानुज्ञा. अण्णा म्हणाले, "तुमच्या पुढाऱ्याने पैसे खाल्ले." मी म्हणालो, "आणि तुमच्याने काय उपवास केला?" हे कुठल्याही टीव्हीवाहिनीवर बिनतोड उत्तर ठरलं असतं. निवेदकाने मला पुढच्या आठवड्याचंही आमंत्रण दिलं असतं. अण्णांनी नुसतं बोट वर केलं. समोरच्यावर तोच दोष उलटा टाकायचा, पण आपल्यावरचा खोडायचा नाही, याचा अर्थ तो तुम्ही कबूल केलात. हरलात. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणा गौतम ऋषींनी माझं हे उत्तर आधीच ऐकून बाद करून ठेवलेलं होतं. माणसाला काही म्हणून नवं बोलायची सोय ठेवलेली नाही.

यादीत एकच जागा अशी आहे की जिथे अण्णाही सापडतात. तिचं नाव विक्षेप. अडचणीत आल्यावर 'जरा काम आहे' म्हणून चर्चा मोडून उठणं. अण्णा हरायला लागले की त्यांना नळाचं पाणी आलेलं ऐकू येतं. इतर वेळी त्यांना फोन ऐकू येत नाही.

आता पंचांविषयी. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक असते. मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती पंच होती. तिने दोघांच्या गळ्यात हार घातले आणि सांगितलं, ज्याचा हार आधी कोमेजेल तो हरला. रागाने अंग तापतं, तापलं की फुलं सुकतात. घरातल्या बाईने किती कमी कष्टात निकाल लावला पाहा. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या दोन्ही बाजू ऐकायची गरजच उरली नाही.

आमच्याकडे सासूबाई पंच आहेत आणि हाराऐवजी चहा असतो. दोघांपुढे एकदमच कप ठेवायचे. ज्याच्या चहावर आधी साय धरेल तो हरला. तत्त्व तेच, फक्त उलटं: बोलणारा तापतो आणि चहा निवतो. या नियमाने मी २२ वर्षांत कितीदा जिंकलो असेन? एकदा. त्या दिवशी मला घसा बसल्यामुळे बोलता येत नव्हतं.

माणूस मुळात चांगला की वाईट, हा आमचा जुना खटला. अण्णा चांगल्याच्या बाजूने, मी दुसऱ्या. त्यांचा मुख्य साक्षीदार एक एसटीचा कंडक्टर. तिकिटामागे १७ रुपये लिहून दिलेले, अण्णा ते न घेताच वाईच्या स्टँडवर उतरले, तर तो भला माणूस खाली उतरून, रसवंतीपर्यंत पळत येऊन पैसे देऊन गेला. ही हकिकत मी किमान १५ वेळा ऐकली आहे. पुनरुक्त म्हणून मी कधी बोट वर केलं नाही, कारण सासरे आहेत.

माझा साक्षीदार म्हणजे माझी चप्पल. सात-आठ वर्षांपूर्वी भाऊबीजेला आम्ही एका देवळात गेलो. दर्शन घेऊन बाहेर येतो तर माझी कोल्हापुरी गायब. नवी, करकर वाजणारी. तिच्या जागी एक जुनी रबरी चप्पल, डाव्या पट्ट्याला सेफ्टीपिन लावलेली.

"बघा," मी जवळजवळ आनंदानेच ओरडलो. माणसाला स्वतःची चप्पल गेल्याचा इतका आनंद कधी झाला नसेल. "देवाच्या दारात! हा तुमचा चांगला माणूस!"

अण्णा खाली वाकले. ती रबरी चप्पल त्यांनी बारकाईने पाहिली, उलटीपालटी केली. मग सरळ होऊन म्हणाले, "तो स्वतःची ठेवून गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवाळीत तुम्हाला अनवाणी जावं लागू नये, एवढी काळजी त्याने घेतली. स्वतःची पिशवीत घालून नेता आली नसती? चोरी करतानाही माणसाच्या आतलं काहीतरी शिल्लक राहतं, जावईबापू."

"अहो, दोन चपला घालता येत नाहीत म्हणून ठेवली!"

"आणि पिनेचं काय?"

"काय पिनेचं?"

"पीन नवी आहे."

यावर काय बोलणार? पीन खरंच नवी होती. गंज नव्हता. अण्णांचं म्हणणं, चोराने निघता निघता पट्टा सांधून दिला. माझं म्हणणं, तो आदल्या दिवशी स्वतःसाठीच सांधला होता. देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत उभे राहून आम्ही त्या पिनेवर पाऊण तास काढला. पादत्राणं सांभाळणाऱ्या बाईने दोन्ही बाजूंनी मत दिलं. शेवटी बायको आणि सासूबाई रिक्षाने घरी निघून गेल्या आणि आम्ही चालत आलो, मी त्या रबरी चपलेत. ती माझ्या मापाची निघाली. पुढची दोन वर्षं मी ती बाथरूममध्ये वापरली, हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. पुरावा समोरच्याच्या हातात द्यायचा नसतो.

राजकारणाचं त्या मानाने लवकर आटोपतं, कारण तिथे दोघांनाही फसवलं गेलंय. २०१९चा विधानसभेचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला आणि लक्ष्मीपूजन २७ला. म्हणजे जखमा ताज्या होत्या. त्या दिवाळीत आम्ही इतके भांडलो, की मी दोन दिवस चकलीला हात लावला नाही आणि अण्णांची रक्तदाबाची गोळी वाढली. माझा पक्ष त्यांच्या पक्षाच्या वळचणीला उभा राहील तर मिशी काढीन, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "राहिला तर मी जानवं काढीन." पुढच्या महिन्यात, २३ तारखेच्या भल्या सकाळी, आम्ही दोघंही ज्याला शिव्या घालत होतो त्याचा शपथविधी झाला. मग तो कोसळला. आणि २८ नोव्हेंबरला अण्णांचा पक्ष आणि माझा पक्ष एकाच व्यासपीठावर हात उंचावून उभे. फोन वाजला. "जावईबापू, मिशी आहे का?" "आहे. तुमचं जानवं?" "आहे." बराच वेळ दोन्हीकडून कुणी बोललं नाही. पुढे २०२२ आणि २०२३मध्ये पक्षच उभे फाटले, तेव्हापासून आम्ही राजकारणावर भांडायच्या आधी एकमेकांना विचारून घेतो की सध्या आपण कुठे आहोत.

नीतीचा प्रश्न मात्र चहातच निघाला. असत्य केव्हाही, कुठल्याही कारणासाठी वाईटच, असं अण्णा परवापरवापर्यंत ठासून सांगत. धर्मराज 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला तर त्याचा जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली टेकला; मग आपण कोण? मी म्हणायचो, खोटं बोलून कुणाचं भलं होत असेल तर बोलावं. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सासूबाई ओट्याशी उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "गेली चार वर्षं तुमच्या चहात साखर नाही. डॉक्टरांची गोळी असते. तुम्ही रोज म्हणता, आज गोड जास्त झालाय."

अण्णांनी कपात पाहिलं. मी यादीतली अप्रतिभा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली: उत्तर न सुचणं. मग ते उठले. नळाला पाणी आलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला पंचहौद मिशनची गोष्ट सांगितली, बहुधा चहाचा विषय दुसरीकडे नेण्यासाठी. १८९० साली पुण्यातल्या त्या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने टिळक, रानडे यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी जमली. पुढ्यात चहा आला, बिस्किटं आली. काहींनी घेतला, काहींनी भिडेखातर नुसता कप हातात धरला. आणि त्या समारंभात ज्यांचा हात होता त्या गोपाळराव जोशींनी उपस्थितांची यादीच वर्तमानपत्रातून जाहीर केली. झालं! ख्रिस्त्याघरचा चहा प्यायल्याने धर्म बुडतो का, घोट घेतला नाही तर पाप किती, यावर पुणं पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घेतली गेली, आणि प्रायश्चित्त घेणं योग्य की अयोग्य यावर नवं भांडण सुरू झालं.

"कपभर चहासाठी!" मी म्हणालो.

"तो गोड तरी होता," अण्णा म्हणाले.

यंदाच्या दिवाळीची गोष्ट सांगतो. मी दुपारी जेवून आडवा झालो होतो. बाहेर पडवीत अण्णांकडे शेजारचे नाना, निवृत्त तलाठी, बसायला आले होते. नानांचा आवाज आला, "शेवटी माणूस चांगलाच असतो हो अण्णा."

आणि अण्णांचा आवाज, "कसला चांगला! संधी मिळत नाही म्हणून प्रामाणिक असतो माणूस. हेतू देतो. आमच्या जावयाची चप्पल देवळातून गेली. नवी कोल्हापुरी. देवाच्या दारात!"

मी ताडकन उठून बसलो. माझं वाक्य. शब्द न् शब्द माझं, सुराच्या चढउतारासकट. २२ वर्षांनी मी जिंकलो होतो. बायकोला हलवून उठवलं, ती "बरं" म्हणून कुशीवर वळली. मग एकटाच तो विजय जवळून बघायला बाहेर गेलो.

अण्णा रंगात आले होते. "चोर तो चोरच," ते म्हणत होते. आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला ते इतकं चुकीचं वाटायला लागलं की काही विचारू नका. उंबऱ्यातूनच माझ्या तोंडून गेलं, "पण अण्णा, त्याने स्वतःची चप्पल ठेवली होती."

"दोन घालता येत नाहीत म्हणून ठेवली!"

"आणि पीन? नवी पीन होती, अण्णा!"

"ती त्याने स्वतःसाठी लावली होती. आदल्या दिवशी."

"तुम्ही बघितलंत लावताना?"

"तुम्ही बघितलंत?"

"मतानुज्ञा!" मी ओरडलो. नानांनी हळूच टोपी घातली आणि कामाची आठवण झाल्याचं सांगून ते उठले. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसलो.

सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही कप स्टुलावर ठेवले, त्यांवर बशा झाकल्या आणि पडायला आत निघून गेल्या.