ब्रॉडबँडचा दर करांसहित आणि अख्ख्या वर्षाचा सांगा

बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किंमत सर्व करांसहित असते. दुकानदाराला त्यावर एक रुपयाही जास्त मागता येत नाही. मोबाईलचं प्रीपेड रिचार्ज घेताना जो आकडा दिसतो, त्यातही कर धरलेला असतो. मग घरच्या ब्रॉडबँडची जाहिरात '499 रुपये महिना' अशी का, आणि बिल 588 रुपये 82 पैशांचं का? 18 टक्के जीएसटी लागणार हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी जाहिरातीत आकडा भला मोठा आणि 'अधिक जीएसटी' मात्र तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. नवीन कुटुंब राहायला आलं की "कोणाचं नेट घेऊ?" हा प्रश्न पाण्याच्या वेळेच्याही आधी येतो. पूर्वी मी स्पीड आणि सर्व्हिसबद्दल सांगायचे. आता सगळ्यांना एकच सांगते: महिन्याचा दर विचारूच नका. पहिल्या वर्षात खिशातून एकूण किती जाणार, तो एक आकडा मागा.

नुसता कर धरला तरी बघा. 499 गुणिले 12 म्हणजे 5,988. करासह तेच 7,065 रुपये 84 पैसे होतात. हजाराच्या वर फरक, आणि अजून घरात वायर यायची आहे. धंद्याच्या नावावर कनेक्शन आणि जीएसटी नोंदणी असेल तर या कराचं क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळू शकतं. निवृत्त माणसाला, विद्यार्थ्याला, घरून नोकरी करणाऱ्या पगारदाराला ते मिळत नाही.

पुढची पायरी 'फ्री इन्स्टॉलेशन'. एका महिन्याचे पैसे भरलेत तर जोडणीचे हजार-दीड हजार पडतात, सहा किंवा बारा महिन्यांचे एकदम भरलेत तर ते माफ. ऐकायला छान वाटतं. पण वर्षाचे पैसे आधी दिले की तुमच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता जातो, तो म्हणजे कंपनी सोडून जाण्याचा. आमच्या शेजारच्या काकूंनी बारा महिन्यांचे पैसे एका कंपनीला एकरकमी दिले. पावसाळ्याआधी रस्ता खणला गेला, केबल तुटली, आणि मग दर आठवड्याला दोन-तीन दिवस नेट बंद. नातीची परीक्षेची तयारी ऑनलाइन चालू होती. काकू फोन करत राहिल्या, पलीकडून "तिकीट रेज केलंय" एवढंच. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले तर उत्तर आलं की ॲडव्हान्स प्लॅनचा रिफंड होत नाही, अटींमध्ये लिहिलंय. ती अट त्यांना पैसे घेताना कोणीही वाचून दाखवली नव्हती. शेवटी त्यांनी दुसरं कनेक्शन घेतलं आणि एकाच घराचे दोन ठिकाणी पैसे गेले. पेन्शनवर चालणारं घर आहे ते. मला आजही त्याचा राग येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: नवीन कंपनीकडे पहिल्यांदा जाताना वर्षाचे पैसे भरू नका. जोडणीचे हजार रुपये गेले तरी चालतील. तीन महिने, त्यातला एक तरी पावसाळ्यातला, अनुभव घ्या आणि मग वर्षाचा प्लॅन करा.

आता राउटर. सगळ्यात जास्त पैसे इथे गळतात आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. 'राउटर फ्री' याचा अर्थ बहुतेक वेळा असा की तो कंपनीच्या मालकीचा आहे आणि तुम्हाला वापरायला दिलाय. कनेक्शन बंद करताना तो अडॅप्टरसकट परत द्यावा लागतो. दिला नाही, किंवा दिल्याची पावती तुमच्याकडे नसली, तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. परत देताना त्या पेटीचा आणि सिरियल नंबरचा फोटो काढा, पावतीशिवाय पेटी हातातून सोडू नका.

दुसरं, राउटर कोणता देताहेत ते विचारा. काही ठिकाणी अजूनही फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे, 100 एमबीपीएसचे पोर्ट (वायर लावायच्या खाचा) असलेले जुने राउटर लावून जातात. अशा पेटीवर 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतलात तर निम्मे पैसे पाण्यात, कारण त्या पोर्टमधून 100च्या वर काही बाहेरच पडू शकत नाही. 'ड्युअल बँड' (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) आणि 'गिगाबिट पोर्ट' (1,000 एमबीपीएसपर्यंतचा) हे दोन शब्द लक्षात ठेवा.

तिसरं, जागा. फायबरची वायर डक्टमधून, म्हणजे इमारतीतल्या वायरींच्या उभ्या पोकळीतून, वर येते आणि फ्लॅटच्या दारातून आत शिरते. वायर कमी लागावी म्हणून तंत्रज्ञ राउटर दाराशेजारीच ठोकतो. काँक्रीटच्या भिंती आणि मध्ये स्वयंपाकघर, की मागच्या बेडरूममध्ये सिग्नलचा एक दांडा. मग तोच माणूस सुचवतो, "मेश लावून घ्या." म्हणजे सिग्नल पुढे पोचवणाऱ्या जादा पेट्या. अडीच-तीन हजार आणखी. खरं तर थोडी जास्त वायर ओढून राउटर घराच्या मध्यावर बसवला असता तर अनेक घरांत मेशची गरजच पडली नसती. जादा वायरचे दर मीटरमागे पैसे घेत असतील तर घेऊ देत, मेशपेक्षा ते स्वस्तच पडतात. माणूस घरात आल्या आल्या जागा दाखवा. एकदा ड्रिल मारून झालं की कोणी ऐकत नाही.

वीज जाते त्या गावांत आणखी एक खर्च ठरलेला आहे: राउटरसाठीचा छोटा यूपीएस. चांगला घ्यायचा तर हजार-दीड हजार तरी लागतात. पण आपल्या घरी बॅकअप असून उपयोग काय, जर गल्लीतल्या किंवा इमारतीतल्या कंपनीच्या बॉक्सला बॅकअपच नसेल? फायबर असली तरी मध्ये विजेवर चालणारा नेटवर्क स्विच (जोडण्या वाटणारी पेटी) असेल तर तो बंद पडतो. हे सेल्समन सांगणार नाही. त्याच इमारतीतल्या ग्राहकाला विचारा: "लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर नेट चालतं का?" माझ्या मते हा प्रश्न स्पीड टेस्टच्या फोटोपेक्षा दहापट मोलाचा आहे.

'अनलिमिटेड' शब्दाबद्दल थोडक्यात. बऱ्याच मोठ्या फायबर प्लॅनमध्ये महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते. साध्या घराला ती पुरून उरते, त्याची चिंता नको. मात्र गच्चीवर किंवा बाल्कनीत अँटेना लावून 5जीवरून देतात ते 'एअर' प्रकारचं कनेक्शन असेल तर मर्यादा साधारण 1,000 जीबीवर येते. दोन टीव्हींवर 4के आणि घरात सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग असेल तर महिनाअखेरीस ती जाणवू शकते. छोट्या स्थानिक पुरवठादारांकडे मर्यादा याहून कमी असू शकते. मर्यादा संपल्यावर स्पीड किती उरतो, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 2016 सालीच कंपन्यांना ही माहिती उघडपणे द्यायला सांगितलंय. आणि जानेवारी 2023 पासून सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएसच्या खालच्या वेगाला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही.

ओटीटीचे पॅक हा तर जोडधंदा झालाय. पंधरा-वीस ॲप 'मोफत' मिळतात, त्यातली मराठी घरात बघितली जातात ती दोन किंवा तीन. ओटीटी नसलेला त्याच स्पीडचा प्लॅन वेबसाइटवर असतो, पण फोनवरचा माणूस त्याचं नाव काढत नाही. तुम्ही काढा.

आणि आता जरा घरचंच बोलते, काहींना आवडणार नाही. काही सोसायट्या एकाच पुरवठादाराला आत घेतात, त्याच्याकडून सोसायटीच्या खात्यात पैसे घेतात आणि बाकीच्यांना गेटवरूनच परत पाठवतात. मीटिंगमध्ये ते उत्पन्न म्हणून कौतुकाने वाचून दाखवलं जातं. ते पैसे कोण भरतं? त्याच इमारतीतले रहिवासी, महाग बिलातून आणि वाईट सर्व्हिसमधून. आमच्याकडे हा प्रस्ताव आला तेव्हा मी विरोध केला आणि पुन्हा आला तर पुन्हा करीन. डक्ट सगळ्यांच्या मालकीची आहे, त्यातून किमान दोन-तीन कंपन्यांच्या वायरी येऊ द्या.

हे असंच चालायचं असं मानू नका. अमेरिकेत एप्रिल 2024 पासून मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत एक ठरावीक तक्ता दाखवावा लागतो. महिन्याचा दर, एकदाच लागणारे पैसे, मुदतीआधी सोडल्यास दंड, डेटाची मर्यादा, सगळं एका चौकटीत, खाद्यपदार्थांच्या पाकिटामागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो तसं. ब्रिटनमध्ये 17 जानेवारी 2025 पासून नवीन करारांत महागाईच्या टक्केवारीला बांधलेली दरवाढ बंद झाली. दर वाढणार असेल तर किती पौंड-पेन्सने आणि कधी, ते विकतानाच सांगावं लागतं. आपल्याकडे ट्रायने अशी चौकट सक्तीची करावी, त्यात करांसहित वर्षाचा एकूण खर्च सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात असावा, ही माझी मागणी आहे.

तोवर आहेत ती हत्यारं वापरा. ऑनलाइन व्यवहारात आधी कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, न मागितलेली वस्तू बिलात घुसवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मना आहे. तक्रार आधी कंपनीकडे करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवून महिने घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आणि ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ग्राहकांच्या बाजूने मिटवला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे दाखल करायला फी लागत नाही. काकूंना मी हेच सांगितलंय. कागद जमवायला आम्ही दोघी बसलो आहोत.

नवीन कनेक्शन घेणाऱ्यांनी खालचा मेसेज उचलून सेल्समनला व्हॉट्सॲपवर जसाच्या तसा पाठवा:

"नमस्कार. या प्लॅनसाठी पहिल्या 12 महिन्यांत जीएसटी, इन्स्टॉलेशन, डिपॉझिट आणि वायर धरून मला एकूण किती रुपये द्यावे लागतील? 13 व्या महिन्यापासून दर किती? राउटर ड्युअल बँड आणि गिगाबिट पोर्टचा आहे का, आणि तो कोणाच्या मालकीचा? मी मध्येच बंद केलं किंवा घर बदललं तर किती पैसे परत मिळतील आणि किती कापले जातील? कृपया इथेच लिहून कळवा."

तो लगेच फोन करेल आणि म्हणेल, "मॅडम, बोलून सांगतो ना." फोनवर छान बोला, आणि ठेवताना पुन्हा सांगा की लिहून पाठवा. नाही पाठवलं तर पुढच्या कंपनीला हाच मेसेज करा.