‘ऑटोचे बटण असताना शिकायचे कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रतिमासंपादनाच्या प्राथमिक धड्यांवरील माझ्या लेखाला आपण लिहिलेल्या प्रतिक्रियेतील एक वाक्य इथे जसेच्या तसे देतो : ‘ऑटोचे बटण दाबले की क्षणात जे होते, तेच लेव्हल्स आणि हिस्टोग्रामच्या वाटेने करायला लावून हे लेखक स्वतःचे महत्त्व वाढवत आहेत.’ (ऑटो म्हणजे छायाचित्राची उजळता व रंग आपोआप बदलणारी आज्ञा; हिस्टोग्राम म्हणजे कोणत्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख; लेव्हल्स म्हणजे तो पाहून गडद व उजळ टोके हाताने ठरवण्याची सोय.) माझे म्हणणे चूक आहे, एवढेच आपण लिहिले असते तर मी निमूटपणे मुद्द्याला मुद्दा दिला असता. आपण मात्र थेट माझ्या हेतूवर बोट ठेवले आहे, आणि तेही लेख पूर्ण न वाचता. कारण ऑटो केव्हा खुशाल वापरावे, हे मी त्याच लेखाच्या उत्तरार्धात सांगितले आहे. शिकवणाऱ्याशी वाद घालावा, अवश्य घालावा, परंतु त्याने काय लिहिले आहे ते आधी वाचण्याचे सौजन्य दाखवायला हवे होते.

लेखातील स्क्रीनशॉट मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत, ही आपली तक्रार रास्त आहे. ते मोठ्या आकारात पुन्हा टाकले आहेत.

आता त्या वाक्याकडे वळतो. ऑटोचे बटण ‘तेच’ करते, हे मुळात खरे नाही. नेहमीच्या आठ बिटच्या प्रतिमेत प्रत्येक चॅनेलला, म्हणजे लाल, हिरवा व निळा यांपैकी प्रत्येक रंगघटकाला, उजळतेच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ऑटो टोनसारखी आज्ञा लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलमधील सर्वांत गडद भाग ० कडे आणि सर्वांत उजळ भाग २५५ कडे ताणते, आणि हे ती प्रत्येक चॅनेलमध्ये स्वतंत्रपणे करते. धुक्याच्या छायाचित्राचा हिस्टोग्राम मधोमध गोळा झालेला असतो, कारण धुक्यात खरा काळा आणि खरा पांढरा रंग जवळजवळ नसतोच. तो दोन्ही टोकांपर्यंत ताणला की कॉन्ट्रास्ट येतो, पण धुके जाते. मावळतीच्या छायाचित्रातील केशरी छटा त्या आज्ञेच्या लेखी रंगाचा दोष असतो, म्हणून ती निळा चॅनेल वर खेचून तो ‘दुरुस्त’ करते. छायाचित्र कशासाठी काढले होते, हे बटणाला ठाऊक नसते. ते फक्त संपादन करणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याला हिस्टोग्राम वाचता येत नसेल तर आपण काय गमावले हेही त्याला कळत नाही.

गमावलेले परत येत नाही, हा याहून गंभीर भाग आहे. उजळ ढगांतील बारकावे एकदा २५५ वर जाऊन सपाट झाले आणि फाइल जेपेगमध्ये सेव्ह झाली, की नंतर ब्राइटनेस कितीही कमी केला तरी तिथे करडा ठिपका मिळतो, ढग मिळत नाही. थोड्याच पायऱ्या ओढून लांब केल्या तर हिस्टोग्रामला कंगव्यासारखे दाते पडतात, आणि आकाशाच्या सलग छटेत पट्टे उमटतात. म्हणूनच मी नवशिक्याला आधी मूळ फाइलची प्रत करायला, मग ॲडजस्टमेंट लेयरवर (मूळ चित्राला धक्का न लावता बदल ठेवणाऱ्या वेगळ्या थरावर) लेव्हल्स लावायला, आणि सरतेशेवटी आकार लहान करून शार्पनिंग (कडा ठळक) करायला सांगतो. हा क्रम मिरवण्यासाठी नाही.

महत्त्व वाढवण्याचा आरोप आपण केलाच आहे, म्हणून स्वतःबद्दल थोडे लिहितो. मी हे काम शिकलो तेव्हा फोटोशॉपमध्ये लेयर नव्हते. ते १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि अनेक पावले मागे जाऊ देणारी हिस्टरीची सोय १९९८ साली पाचव्या आवृत्तीत. त्याआधी चुकीला एकदाच माफी होती, त्यामुळे प्रत्येक आज्ञा पिक्सेलचे नेमके काय करते हे समजून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे एका नियतकालिकाच्या संकेतस्थळाचे काम करताना तिथे प्रत्येक छायाचित्रावर एकच स्वयंचलित सुधारणा चालवण्याची पद्धत होती. सायंकाळच्या सभेचे छायाचित्र भर दुपारचे दिसू लागले, खाली ओळ मात्र सायंकाळचीच राहिली, आणि वाचकांनी बातमीवरच शंका घेतली. तेव्हा उत्तरे मला द्यावी लागली होती, बटणाला नव्हे. हे सारे पाहिलेल्या माणसाला आपण दोन ओळींत प्रसिद्धीलोलुप ठरवता, याचे मला वाईट वाटते, आणि ते मी लपवणार नाही.

आपले उरलेले मुद्दे थोडक्यात. वेबसाठी ७२ डीपीआय (छपाईत दर इंचाला किती ठिपके, ती संख्या) हवेच, हा आग्रह निराधार आहे; १२०० बाय ८०० पिक्सेलची प्रतिमा ७२ डीपीआयची असो वा ३०० ची, ब्राउझरमध्ये तितक्याच पिक्सेलची राहते. महागड्या सॉफ्टवेअरची जाहिरात मी केलेली नाही, लेव्हल्सचा धडा गिंप या विनामूल्य संपादन-सॉफ्टवेअरमध्येही करता येतो. व्हिडिओ का केला नाही, या प्रश्नाचा विषयाशी संबंध नाही.

पुन्हा लिहावेसे वाटले तर मंद प्रकाशातले आपलेच एखादे छायाचित्र घ्यावे, आणि ऑटोच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही हिस्टोग्राम सोबत जोडावेत. त्यावर मी सविस्तर बोलेन. माझ्या हेतूंविषयीच्या वाक्यांना यापुढे उत्तर मिळणार नाही.