बॅकस्पेस दाबू नये

रविवारी दुपारी लोक आमरस खाऊन झोपतात, मी युनिक्स नावाची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवत बसलो होतो. तीही १९७५ ची सहावी आवृत्ती, अमेरिकेतल्या बेल लॅब्स ह्या संशोधन संस्थेची. ती चालायची पीडीपी-११ ह्या कॉम्प्युटरवर, आणि ते धूड असायचं कपाटाएवढं, आमच्या वन बीएचकेत ठेवू कुठे, म्हणून मग सिमएच नावाचा एम्युलेटर, जो लॅपटॉपला पटवतो की बाबा रे, तू आता पीडीपी आहेस. अख्खी डिस्क अडीच एमबीची! आमच्या फॅमिली ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ ह्याहून जड असतो.

बूट झालं, लॉगिन आलं, मी ऐटीत रूट (म्हणजे मालकाचं लॉगिन) टाइप केलं आणि कॅप्स लॉक चालू होतं. झालं! युनिक्सची समजूत अशी की ह्या गरिबाकडे फक्त कॅपिटल अक्षरांचंच टर्मिनल आहे, त्यामुळे पुढची सगळी उत्तरं कॅपिटलमध्ये, अंगावर वसकन ओरडल्यासारखी. वैतागून एम्युलेटरची खिडकीच बंद केली. तेही चुकलं, कारण ह्याला शटडाउन नाही, आधी सिंक म्हणायचं, म्हणजे मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरतं (जुने लोक तीनदा म्हणतात, आचमनासारखं) आणि मगच बंद करायचं. डिस्कची नवी कॉपी, पुन्हा श्रीगणेशा.

आता ईडी. हा मजकूर लिहायचा एडिटर, युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनचा, अत्यंत मितभाषी, तुमचं काहीही चुकलं तरी फक्त ? म्हणतो. एक अक्षर चुकलं म्हणून मी सवयीने बॅकस्पेस मारलं, तर लिहीत होतो ती ओळ गायब आणि समोर ? . माझ्या कीबोर्डचं बॅकस्पेस जो १२७ नंबरचा कोड पाठवतं, त्याचा अर्थ ह्याच्या लेखी 'चाललंय ते थांबव'. अक्षर खोडायला # मारायचा आणि पूर्ण ओळ खोडायला @. हे पाठ केलं आणि पहिली गोष्ट काय लिहायला घेतली, तर स्वतःचा ईमेल. @ दाबला, ओळ गेली.

आई मागे उभी राहून बघत होती. सरकारी ऑफिसातून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेली. "त्यात काय एवढं, कागदावरची शाई मागे येते का? आम्ही पण वरून एक्स मारायचोच की." आणि खरंच, तेव्हा स्क्रीन नव्हे, टेलिटाइप असायचे, सेकंदाला १० अक्षरं खडखडत कागदावर छापणारे, छापलेलं खोडणार कसं?

"सरक जरा," म्हणाली. खुर्ची ओढली, चष्मा नीट केला आणि न बघता 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट दॅट' इंग्रजीत खटाखट उमटवलं. एकही # नाही. मी एंटर मारून (ईडीच्या लेखी तेही एक अक्षरच), खाली टिंब देऊन लिहिणं संपवलं आणि डब्ल्यू मारून फाइल सेव्ह केली. ईडी म्हणाला, ३५.

"पस्तीस? एक चूक नाही आणि काठावर पास?"

"अगं मार्क नाहीत ते, अक्षरं मोजतो तो."

आईने बोटं मोडत स्पेससकट दोनदा मोजलं. "चौतीसच होतायत. एक ग्रेसचा दिलेला दिसतोय."