‘पाच मिनिटांचं काम, अख्खा दिवस लावला’ या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा रिव्ह्यू वाचून राजारामपुरीतल्या ओळखीच्या ऑफिसांतून "खरंच एका ओळीचं काम असतं का हो?" अशी विचारणा व्हायला लागली, म्हणून इथंच लिहितो. तुमच्या कंपनीचं किंवा प्रोजेक्टचं नाव घेणार नाही.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवीन फायरवॉल (ऑफिसच्या इंटरनेटवर पहारा ठेवणारा डबा) बसला आणि दुसऱ्या दिवसापासून गिट पुल (गिटहब या साइटवरचा कोड मशीनवर उतरवणं) होईना, बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) फेल जायला लागले. ब्राउझरमध्ये मात्र गिटहब झकास उघडत होतं. आमच्या ऑफिसची इंजिनियर मुलगी दिवसभर बसली आणि शेवटी "नुसती सर्टिफिकेटं टाकून" बिल लावून गेली. तुमच्याकडच्या एका पोरानं नेटवर बघून एक ओळ मारली तर त्याचं लगेच चालू झालं, आणि आमच्या मुलीनं तीच ओळ काढायला सांगितली. शेवटी तुम्ही विचारलंय, "कोल्हापुरात आमचा कोड मधेच पकडायला कोण बसलंय?"

बसलं होतं साहेब. तुमचाच फायरवॉल बसला होता.

नवीन फायरवॉलमध्ये एचटीटीपीएस तपासणी चालू करून दिलेली आहे. म्हणजे गिटहबकडून येणारा प्रत्येक एन्क्रिप्टेड डेटा तो मधे उघडतो, बघतो, परत बंद करतो आणि गिटहबच्या सर्टिफिकेटऐवजी (साइट खरी असल्याच्या सही केलेल्या ओळखपत्राऐवजी) स्वतः तयार केलेलं सर्टिफिकेट पुढं पाठवतो. यात गैर काही नाही, बऱ्याच कंपन्या मुद्दाम लावतात. आमच्या मुलीनं ब्राउझरमध्ये गिटहब उघडून ॲड्रेस बारमधनं सर्टिफिकेटची माहिती काढली, तर ‘इश्युड बाय’पुढं एखाद्या नावाजलेल्या सर्टिफिकेट संस्थेचं नाव असायला हवं होतं, तिथं तुमच्या फायरवॉलच्या डब्याचं नाव होतं. तो स्क्रीनशॉट रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लावलाय. गिट ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ म्हणत होतं ते शंभर टक्के खरं होतं. सही करणारा त्याच्या ओळखीचा नव्हता.

मग ब्राउझर कसा काय चालला? फायरवॉल बसवणाऱ्यांनी त्याचं रूट सर्टिफिकेट (ज्यावरून त्याची सही ओळखता येते ते) डोमेन पॉलिसीतून, म्हणजे सगळ्यांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमधून, सगळ्या विंडोज मशीनच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये टाकलं होतं. क्रोम आणि एज तिथं बघतात. पण डेव्हलपरची हत्यारं तिथं बघतीलच असं नाही, आणि दिवस गेला तो इथं.

विंडोजवरचं गिट ओपनएसएसएल (सर्टिफिकेट तपासणारं एक सॉफ्टवेअर) निवडून इन्स्टॉल केलेलं असेल तर ते स्वतःबरोबर आलेली ओळखीच्या रूट सर्टिफिकेटांची यादी वापरतं. ते सोपं होतं. त्याजागी विंडोजचा ‘एसचॅनल’ निवडला की गिट विंडोजचं स्टोअर बघायला लागतं. तुमच्या पोराला एका ओळीतच करायचं होतं, तर ही ओळ मारायची होती.

जावाचं प्रकरण वेगळं. प्रत्येक जेडीकेच्या (जावाच्या साधनसंचाच्या) पोटात या यादीची ‘सीएसर्ट्स’ नावाची स्वतःची फाइल असते, आणि तुमच्या ॲन्ड्रॉइड टीमच्या मशीनवर निदान दोन जेडीके होते: एक ॲन्ड्रॉइड स्टुडिओबरोबर आलेला, दुसरा कमांड लाइनसाठी कुणीतरी कधीतरी टाकलेला. पहिल्यात रूट टाकल्यावर स्टुडिओतून बिल्ड व्हायचा, टर्मिनलमधून तोच प्रोजेक्ट ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणून आडवा पडायचा. कीटूल या जावाच्या हत्यारानं दुसऱ्या जेडीकेतही रूट इम्पोर्ट केलं, तरी एरर तीच. कारण बिल्ड करणाऱ्या ग्रेडलचा डेमन (मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) सकाळपासून चालूच होता आणि त्यानं जुनी यादी मेमरीत धरून ठेवली होती. डेमन थांबवला आणि बिल्ड पार पडला. "दिवसभर नुसती लॅपटॉपकडं बघत बसली" असं तुम्ही लिहिलंय, ते बहुतेक याच वेळचं.

नोडही (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आपणहून विंडोजला विचारत नाही, त्याची यादी प्रोग्रॅममध्येच बांधलेली येते. त्याला ‘नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स’ या व्हेरिएबलमधून फाइलचा पत्ता द्यावा लागतो, आणि तो प्रोसेस सुरू होतानाच वाचला जातो. ज्यांनी व्हीएस कोड बंद करून परत उघडला नाही, ते "अजून होत नाही" म्हणत राहिले. डॉकरमध्ये तर प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंद पेटीत चालतो, आणि त्याच्या आत बाहेरच्या मशीनची यादी दिसत नाही. तिथं रूट सर्टिफिकेट इमेजमध्येच (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यातच) घालून यादी अपडेट करावी लागते. डेबियन-उबंटूच्या इमेजमध्ये त्या फाइलचं एक्स्टेन्शन ‘सीआरटी’ नसून ‘पेम’ असलं, तर ती कसलीही तक्रार न करता वगळली जाते. तुमच्याकडं आधी कुणीतरी नेमकं तेच करून ठेवलं होतं.

आता त्या एका ओळीकडं येतो. पोरानं गिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये ‘एसएसएल व्हेरिफाय’ फॉल्स केलं, म्हणजे सर्टिफिकेट तपासणंच बंद केलं. पूर्वी गावच्या जकात नाक्यावरचा माणूसच घरी पाठवला की गाड्या थांबत नसत, तसं ते चालू झालं. हे सेटिंग त्या मशीनवरच्या त्याच्या प्रत्येक रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) लागू होतं, आणि लॅपटॉप ऑफिसबाहेर गेला तरी तसंच राहतं. पोरगं संध्याकाळी रंकाळ्याजवळच्या कॅफेत बसून फुकटच्या वायफायवरून पुश करतं (कोड वर चढवतं) तेव्हा तिथं तुमचा फायरवॉल नसतो. मधे दुसरा कुणी बसला तर गिट त्यालाच गिटहब समजून ॲक्सेस टोकन (पासवर्डसारखी किल्ली) हातात देईल, एक शब्द न बोलता. एनपीएममध्ये (नोडची पॅकेजं, म्हणजे तयार कोड, उतरवणाऱ्या हत्यारात) ‘स्ट्रिक्ट एसएसएल’ बंद करणं त्याच जातीचं. लॉक फाइलमधले हॅश (आधी घेतलेल्या पॅकेजांचे नोंदवलेले ठसे) थोडं सांभाळून घेतात, पण नवीन पॅकेज घेताना हॅशसुद्धा त्या मधल्या माणसाकडूनच येणार.

"असं प्रत्यक्षात कुठं होतं?" असंही तुम्ही फोनवर म्हणाला होता. २०११ मध्ये डिजिनोटार ही डच सर्टिफिकेट कंपनी हॅक झाली, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं, आणि कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडं जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघडकीस आलं होतं. या प्रकरणांत निदान एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेची यंत्रणा तरी वापरावी लागली. गिटची सर्टिफिकेट तपासणीच बंद असली तर तेवढेही कष्ट नकोत, घरी बसून बनवलेलं सर्टिफिकेट पुरतं.

बिलाबद्दल. यापेक्षा स्वस्त उपाय होता आणि आम्ही तोच आधी सुचवला होता: गिटहब, मेव्हन सेंट्रल, एनपीएम अशी कोड आणि पॅकेजं जिथून येतात ती मोजकी डोमेन (साइटचे पत्ते) फायरवॉलच्या तपासणीतून वगळा. तुमच्या हेड ऑफिसनं त्याला परवानगी दिली नाही, ती मेल तुमच्याकडं आहे. त्यानंतर प्रत्येक मशीनवर जाऊन काम करावं लागेल आणि त्याचे पैसे किती होतील, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून कळवलं होतं. बिल त्याच आकड्याचं आहे. ते कमी करणार नाही.

रिपोर्टबरोबर एक स्क्रिप्टही दिली आहे, ती कुणी उघडलेली दिसत नाही. जेडीके नवीन टाकला की त्याच्या यादीत तुमच्या फायरवॉलचं रूट नसतं आणि हीच एरर परत येते, तेव्हा ती चालवायची, आम्हाला बोलवायची गरज नाही. तुमच्या स्वतःच्या गिटलॅब सर्व्हरचं (ऑफिसचा कोड ठेवायच्या सर्व्हरचं) सर्टिफिकेट मात्र अजून वर्षातून एकदा हातानं बदललं जातं. पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस असं ठरलंय. ते ऑटोमॅटिक करून घ्या. आमच्याकडूनच करा असं नाही, शिवाजी उद्यमनगरात आणि टाकाळ्यातही चांगली माणसं आहेत.

आणि रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय की त्या पोराच्या लॅपटॉपवर ती ओळ "परत टाकली आणि मस्त चाललंय". ती आजच काढा. त्याचं गिटहबचं टोकन रद्द करून नवीन काढा, आणि गेल्या काही दिवसांत त्याच्या नावानं झालेले पुश एकदा नजरेखालून घाला. त्याला काही अडलं तर आमच्या ऑफिसात पाठवा, शनिवारी दुपारपर्यंत आम्ही असतो. याचं बिल लागणार नाही.